घरातली शाळा आणि कायद्याचे मौन

शालेय शिक्षणाच्या सरकारी भाषेत शाळेच्या पटावर नाव नसलेल्या मुलासाठी एकच शब्द आहे : ‘शाळाबाह्य’. वीटभट्टीवर आईवडिलांबरोबर राबणारा मुलगा शाळाबाह्य. ऊसतोडणीच्या फडावर धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी शाळाबाह्य. आणि बेंगळूरुच्या ईशान्य टोकाला, कोत्तनूरमधल्या एका घरात सकाळी नऊ वाजता स्वयंपाकाच्या ओट्याशी उभा राहून बांगड्याचे हृदय नेमके कुठे असते हे शोधणारा अकरा वर्षांचा मुलगाही शाळाबाह्यच. पहिल्या दोघांना शाळेपर्यंत पोहोचवणे हे राज्याचे कर्तव्य आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तिसऱ्याचे काय करायचे, हे मात्र आपल्या कायद्याने अद्याप ठरवलेले नाही. आणि कायदा गप्प आहे म्हणून तो मुलगा काही थांबून राहिलेला नाही. त्याला हृदय सापडले आहे, कल्ल्यांच्या अगदी जवळ, आणि ते इतके लहान का, हा त्याचा पुढचा प्रश्न आहे.

हे कुटुंब ख्रिस्ती आहे. वडील तमिळ, तिरुनेलवेलीकडचे, सीएसआय म्हणजे दक्षिण भारत चर्चच्या परंपरेतले. आई मल्याळी, पथनमतिट्टा जिल्ह्यातल्या एका मार थोमा घराण्यातली. वडील सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतात, आई पूर्वी परिचारिका होत्या. तीन मुले : पंधरा वर्षांची थोरली, अकरा वर्षांचा मधला आणि सात वर्षांची धाकटी. नाव आणि पत्ता छापायचा नाही, या एकाच अटीवर त्यांनी मला दोन दिवस घरात वावरू दिले. अट समजण्यासारखी होती. आपण कायदा मोडतो आहोत की नाही, हे त्यांना गेल्या आठ वर्षांत कुणीही खात्रीने सांगू शकलेले नाही.

दिवस सुरू होतो तो प्रार्थनेने. पंधरा मिनिटे, सर्वजण चटईवर. एक दिवस मल्याळम गीत, दुसऱ्या दिवशी तमिळ कीर्तन. तमिळ ख्रिस्ती समाजात कर्नाटक संगीताच्या रागांत बांधलेल्या कीर्तनांची जुनी परंपरा आहे. तंजावरच्या वेदनायगम शास्त्रियार यांच्या रचना दोनशे वर्षांनंतरही गायल्या जातात. मग बायबलमधले एकच वचन चार भाषांत वाचायचे : मल्याळम, तमिळ, कन्नड आणि इंग्रजी. वाचून झाले की आई विचारतात, क्रियापद कुठे बसले? मल्याळममध्ये क्रियापदाला लिंग-वचनाचा प्रत्यय लागत नाही आणि तमिळमध्ये लागतो, हे धाकटीने स्वतःच शोधून काढले आहे आणि ती ते आल्यागेल्याला ऐकवते. या घरात धर्माचा तास कुठे संपतो आणि भाषेचा कुठे सुरू होतो, हे सांगणे अवघड आहे. याबद्दल कुणाला आक्षेप असू शकतो. पण चार लिप्या वाचणारी सात वर्षांची मुलगी आपल्या नामांकित शाळांतही सहज आढळत नाही.

न्याहारीला पुट्टू असेल तर तांदळाचे पीठ आणि खोबरे मोजण्याचे काम धाकटीकडे. साडेआठ ते बारा हा लिहिण्यावाचण्याचा वेळ. गणित एनसीईआरटीच्या पुस्तकांतून, कारण वडिलांच्या मते त्यांहून स्वस्त आणि बरी पुस्तके देशात नाहीत. इतिहास गोष्टींच्या आणि चरित्रांच्या पुस्तकांतून. वाचलेले पुस्तक मिटून ते आपल्या शब्दांत सांगायचे, हीच परीक्षा. मधल्याला लिहिण्याचा कंटाळा आहे. त्याच्या वहीत टिपू सुलतान अडीच ओळींत संपतो; तोंडी मात्र तो पाऊण तास चालतो आणि त्यात नसलेल्या लढायाही येतात. विज्ञानाचे बरेचसे ओट्यावर होते. परिचारिका असलेल्या बाईच्या हातात मासा आणि सुरी आली की त्याचे शवविच्छेदन होणारच.

दुपारनंतरचा वेळ मुलांचा. पाहुण्यांना या वेळाचे काय करायचे ते कळत नाही, असे आई सांगत होत्या. ‘मग दुपारी काय शिकवता?’ हा प्रश्न त्यांना सर्वांत जास्त ऐकावा लागतो. दुपारी त्या काहीही शिकवत नाहीत. आजीने तिरुनेलवेलीहून आणलेला पल्लांगुळीचा लाकडी पट आहे, दोन्ही बाजूंना सात-सात खळगे असलेला. धाकटी बेरीज-वजाबाकी त्यावरच्या चिंचोक्यांनी शिकली आणि आता ती आजोबांना हरवते. कॅरम आहे. तीन कोंबड्या आहेत. आणि एक ‘नभोवाणी केंद्र’ आहे. वडिलांच्या जुन्या फोनवर आठवड्यातून एकदा ध्वनिमुद्रित होणाऱ्या या बातमीपत्रात कोत्तनूरचे हवामान, कांद्याचा भाव, कोंबड्यांनी दिलेल्या अंड्यांची संख्या आणि चर्चमध्ये कोण झोपले होते याचे वृत्त असते. मागच्या वर्षी कोंबडा मेला तेव्हा त्याच्यावर चार मिनिटांचा मृत्युलेख प्रसारित झाला. मी तो ऐकला. त्यात दिवंगताच्या स्वभावदोषांचाही प्रामाणिक उल्लेख आहे. आपल्याकडच्या अनेक श्रद्धांजलींत तो नसतो.

गुरुवारी कब्बन पार्क. शहराच्या निरनिराळ्या भागांतून दहा-बारा कुटुंबे येतात. त्यांतली चार-पाच ख्रिस्ती, बाकीची हिंदू आणि जैन. धर्माशी काही देणेघेणे नसलेलीही आहेत. एका आईला शाळा ही कल्पनाच मान्य नाही, दुसऱ्या घरातला मुलगा स्वमग्न आहे आणि तीन शाळांनी त्याला नाकारले. या मंडळींत मतभेदांची कमतरता नाही. मुले मात्र लगोरी खेळतात. कन्नडमध्येही त्या खेळाला लगोरीच म्हणतात. पाऊस आला तर उद्यानातल्याच सरकारी मध्यवर्ती ग्रंथालयाच्या लाल इमारतीत, नाहीतर विश्वेश्वरय्या संग्रहालयात. आठवड्याच्या मधल्या वारी तिथे गर्दी नसते आणि यंत्रांची बटणे कितीही वेळा दाबता येतात.

वर्षातली सर्वांत मोठी मौज फेब्रुवारीत येते. कोळंचेरीजवळ पंपा नदीच्या वाळवंटात १८९६ पासून मार थोमा चर्चचे मारामॉन अधिवेशन भरते, आठवडाभर, मोठ्या मांडवाखाली. शाळेतल्या मुलांना या दिवसांत परीक्षेची तयारी असते. ही मुले रेल्वेने आजोळी जातात. प्रवचने लांब असतात, हे मधल्याने मला विश्वासात घेऊन सांगितले. पण नदी आहे, मामेभावंडे आहेत, आणि आजीच्या घराच्या भिंतीवर ऑगस्ट २०१८ च्या पुराची रेघ आहे. ती रेघ त्याने फूटपट्टीने मोजली, शेजारच्या घरांवरच्या रेघा मोजल्या आणि गावाचा एक नकाशा काढला, ज्यात कोणते घर किती बुडाले ते रंगाने दाखवले आहे. त्याला कुणी तसे करायला सांगितले नव्हते. भूगोलाच्या शिक्षकांना असा प्रकल्प करून घ्यायला आवडेल, पण त्यांच्याकडे चाळीस-पन्नास मुले आणि पस्तीस मिनिटांचा तास असतो. या घराच्या आनंदाचे रहस्य विचारले तर मी अभ्यासक्रमाकडे किंवा श्रद्धेकडे बोट दाखवण्याआधी घड्याळाकडे दाखवीन. शाळेची बस, गृहपाठ आणि शिकवणी या तिघांनी मिळून भारतीय मध्यमवर्गीय मुलाचा जो दिवस खाल्ला आहे, तो या कुटुंबाने परत मिळवला आहे.

तो मिळवण्यामागे सुरुवातीला धर्म नव्हता. थोरली दुसरीत असताना तिला रोज सकाळी पोटदुखी होई आणि रविवारी होत नसे. रात्री नऊपर्यंत गृहपाठ. डॉक्टरांना काही सापडले नाही. ‘एक वर्ष घरी ठेवू, मग पाहू,’ असे ठरले आणि ते वर्ष संपलेच नाही. शाळा एका ख्रिस्ती संस्थेचीच होती, ही यातली विसंगती आई स्वतःच सांगतात. शाळा सोडताना देव मध्ये आला नव्हता, तो घरी शिकवायला बसल्यावर आला, असे त्यांचे म्हणणे. रोज तीन मुलांना सांभाळून शिकवायचे तर कशाचा तरी आधार लागतो.

पण ख्रिस्ती कुटुंबाने शाळा सोडावी, यात या एका घरापलीकडे जाणारी गोष्ट आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत ख्रिस्ती २.३ टक्के. या लहानशा समाजाने आधुनिक भारताला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट कोणती, असे विचारले तर बहुतेक लोक शाळा हेच उत्तर देतील. केरळात १८६४ मध्ये चावरा कुरियाकोस एलियास यांनी प्रत्येक चर्चच्या बरोबरीने शाळा उभारण्याचा आदेश काढला. १८४१ मध्ये खासी टेकड्यांत पोहोचलेले वेल्श मिशनरी थॉमस जोन्स यांनी त्या भाषेला रोमन लिपी दिली आणि तिच्यातून शिकवले. १८९४ मध्ये मिझो टेकड्यांत तेच घडले. महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले यांचे अध्यापनाचे प्रशिक्षण अहमदनगरला सिंथिया फरार यांच्या संस्थेत झाले. तिरुनेलवेलीशेजारच्या पाळयंकोट्टैला तर दक्षिण भारताचे ऑक्सफर्ड म्हणतात, ते तिथल्या मिशनच्या शाळा-महाविद्यालयांमुळेच.

या घरातले आजोबा त्याच पाळयंकोट्टैतले निवृत्त मुख्याध्यापक. वर्षातून दोनदा ते मुलाकडे येतात आणि दोन्ही वेळा हा विषय निघतो. त्यांच्या पूर्वजांना देवळाच्या रस्त्यावरून चालण्याची मुभा नव्हती. मिशनच्या शाळेत मात्र त्यांना वरच्या जातींच्या मुलांच्या बाकावर बसवले गेले आणि त्यासाठी त्या शाळेने निम्मे विद्यार्थी गमावले, ही त्यांच्या घरात सांगितली जाणारी कथा. शाळा म्हणजे धडे नव्हेत, असे ते म्हणतात. ज्याच्या शेजारी बसण्याची वेळ एरवी कधीच आली नसती, त्याच्या शेजारी बसणे म्हणजे शाळा. नातवंडे हुशार आहेत, आनंदी आहेत, हे ते मान्य करतात. पण घरकाम करणाऱ्या बाईचा मुलगा त्यांच्या वर्गात नाही, कारण वर्गच नाही. यावर सुनेचे उत्तर तयार असते : महिना सात हजार रुपये शुल्काच्या ज्या शाळेतून मुलीला काढले, त्या वर्गात तरी तो मुलगा कुठे होता? सासऱ्यांना यावर बोलायला फारसे काही उरत नाही. मलाही ते उत्तर बिनतोड वाटले आणि तरीही अपुरे वाटले. खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखणारी तरतूद याच शिक्षणहक्क कायद्यात आहे. ती नीट अमलात येत नाही, म्हणून तिच्यामागचा विचार चुकीचा ठरत नाही.

घरी शिकण्याची परंपराही या समाजाला अगदीच परकी नाही, फक्त ती गोऱ्या मिशनऱ्यांच्या बंगल्यांतली होती. दूरच्या ठाण्यांवर राहणाऱ्या मिशनऱ्यांच्या बायका आपल्या मुलांना घरीच शिकवत, आणि मोठी झाली की मसूरीच्या वुडस्टॉकला किंवा १९०१ मध्ये सुरू झालेल्या कोडाईकनालच्या शाळेत पाठवत. या घरातल्या आई ज्या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंना मानतात, त्या शार्लट मेसन (१८४२–१९२३) साम्राज्यात विखुरलेल्या इंग्रज कुटुंबांना टपालाने अभ्यासक्रम पाठवत. वाचलेले आपल्या शब्दांत सांगणे आणि रोज मोकळ्या हवेत निसर्ग पाहणे, हे दोन्ही त्यांच्याकडून आलेले.

आजची ख्रिस्ती गृहशिक्षणाची लाट मात्र अमेरिकेतून आली. तिथे सत्तरच्या दशकात तिची सुरुवात झाली तेव्हा तिच्यात शाळेला कंटाळलेले डावे होते, तसेच सरकारी शाळांतून धर्म हद्दपार झाला म्हणून नाराज असलेले प्रोटेस्टंटही. पुढे दुसरा गट वरचढ झाला. त्याने वकिलांच्या संघटना उभ्या केल्या आणि १९९३ पर्यंत सर्व ५० राज्यांत घरी शिकवणे कायदेशीर करून घेतले. त्याबरोबर एक मोठा पुस्तक-उद्योगही उभा राहिला. टेक्सासमध्ये १९७० मध्ये सुरू झालेल्या अशाच एका ख्रिस्ती अभ्यासक्रमाच्या पुस्तिका आज भारतातही मिळतात. या घरात पहिली दोन वर्षे चर्चमधल्या एका परिचितांनी दिलेल्या अमेरिकी पुस्तिका होत्या. गणितात सेंट आणि डाइम, मोजमापात इंच आणि पौंड, ऋतू चार आणि त्यांतल्या एकात बर्फ. मधल्याने तेव्हा विचारले होते की आपल्याकडे पडणाऱ्या पावसाचे पान कुठे आहे. पुस्तिका कपाटावर गेल्या, त्या अजून तिथेच आहेत.

त्या पुस्तिकांत आणखी एक गोष्ट होती : पृथ्वीचे वय काही हजार वर्षे. आईवडिलांत यावर मतभेद झाले आणि ते अजून पूर्ण मिटलेले नाहीत, हे त्यांनी लपवले नाही. शेवटी आजोबांनी आपल्या संग्रहातले एनसीईआरटीचे जुने दहावीचे विज्ञान पुस्तक आणून दिले आणि थोरलीने उत्क्रांतीचा धडा त्यातून वाचला. एनसीईआरटीने २०२३-२४ च्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गाळला. म्हणजे बायबल वाचणाऱ्या घरातली ही ‘शाळाबाह्य’ मुलगी जे दहावीच्या वयात शिकली, ते तिच्या वयाच्या शाळेतल्या मुलांच्या पुस्तकात राहिलेले नाही. धार्मिक कुटुंबे मुलांपासून विज्ञान दूर ठेवतील, ही भीती निराधार नाही. काही घरांत तसे घडतही असेल. पण ती भीती व्यक्त करणाऱ्या राज्याने आधी आपली पाटी स्वच्छ असल्याची खात्री करून घ्यावी.

आता कायदा. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ‘२१ अ’ हे कलम आले : ६ ते १४ वयाच्या सर्व मुलांना राज्य कायद्याने ठरवील त्या रीतीने मोफत आणि सक्तीचे शिक्षण. ती रीत २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ठरवली आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याचे दहावे कलम म्हणते की मुलाला नजीकच्या शाळेत दाखल करणे हे प्रत्येक पालकाचे कर्तव्य आहे. एवढेच वाचले तर कोत्तनूरचे हे कुटुंब कर्तव्यात चुकते आहे. पण याच कायद्याने ‘सक्ती’ या शब्दाची व्याख्या करताना ती सक्ती सरकारवर घातली आहे, पालकावर नव्हे. आणि दहावे कलम मोडणाऱ्या पालकाला कोणतीही शिक्षा सांगितलेली नाही. मान्यतेविना शाळा चालवणाऱ्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. स्वयंपाकघर ही शाळा आहे का, यावर कायदा काही बोलत नाही. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे हा प्रश्न आला तेव्हा केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने प्रथम सांगितले की स्वेच्छेने घरी शिकवणाऱ्यांच्या आड हा कायदा येत नाही; मग आपलीच भूमिका बदलली. तेव्हापासून धूसरता कायम आहे.

विशेष असे की, या कायद्याला अपवाद करायचेच नाहीत, असे संसदेचे किंवा न्यायालयाचे धोरण कधीच नव्हते. २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे, वेदपाठशाळा आणि प्रामुख्याने धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था कायद्याबाहेर ठेवल्या. २०१४ मध्ये ‘प्रमती’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सर्व अल्पसंख्याक शाळा वगळल्या. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये द्विसदस्य पीठाने त्या निकालाविषयी शंका घेऊन तो मोठ्या पीठाकडे जावा असे म्हटले आहे. म्हणजे ख्रिस्ती संस्थेला मोकळीक आहे, ख्रिस्ती आईला नाही. वेदपाठशाळेला आहे, घरी शिकवणाऱ्या हिंदू बापाला नाही. ज्यांची संघटित ताकद होती त्यांना अपवाद मिळाला. घराच्या वतीने बोलायला कुणी नव्हते.

व्यवहारात ही कुटुंबे ज्या दाराने बाहेर पडतात, ते दार राज्यानेच बांधले आहे. १९८९ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय मुक्त शाळा, आजची एनआयओएस, १४ वर्षे पूर्ण झालेल्या कुणालाही दहावीला बसू देते. किमान एका भाषेसह पाच विषय, वर्षातून दोन सार्वजनिक परीक्षा, पाच वर्षांत नऊ संधी. थोरलीने इंग्रजी, गणित, विज्ञान, गृहविज्ञान आणि चित्रकला घेतले आहे. डिसेंबरात तिने ख्रिसमसचे केक विकून साडेनऊ हजार रुपये मिळवले आणि नफ्यातोट्याचा हिशेब इतका काटेकोर ठेवला की बेदाणे संत्र्याच्या रसात भिजवल्याने रमपेक्षा किती वाचले तेही त्यात आहे. गृहविज्ञानाची तिला चिंता नाही.

चिंता दुसरीच आहे. दहावीनंतर तिला कॉलेजात जायचे आहे, कुठल्याही. ‘मला कंटाळा आला तर तो वाटून घ्यायला वर्गात कुणी नसतं,’ असे ती म्हणाली, आणि मग थोड्या वेळाने, ‘शाळेत परत जायचंय का, हे मला नवव्या-दहाव्या वर्षी कुणी विचारलंच नाही, अंकल.’ आई शेजारीच होत्या. त्यांनी ते नाकारले नाही. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत आपल्या मुलांना शाळेत न घालता स्वतः शिकवले, आणि मुलांची याबद्दलची तक्रार रास्त असू शकते, हे आत्मचरित्रात मान्य केले. थोरल्या हरिलालशी झालेल्या दुराव्यातही हा प्रश्न होताच. याउलट पंडिता रमाबाईंना त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी, कोणत्याही शाळेविना संस्कृत शिकवले, तेही जेव्हा मुलीला संस्कृत शिकवणे हा धर्मद्रोह समजला जाई. पुढे ख्रिस्ती झालेल्या याच रमाबाईंनी स्वतः मात्र शारदा सदन आणि केडगावचे मुक्ती सदन उभारले, इतर मुलींनी घराबाहेर येऊन शिकावे म्हणून. घर मुलाला मोकळे करते की बांधते, याचे एकच उत्तर इतिहासात सापडत नाही. म्हणूनच पालकांच्या निवडीच्या हक्काचा जो जयघोष अमेरिकी चळवळीत ऐकू येतो, तो मला आपल्या संदर्भात पटत नाही. आपल्या घटनेने ‘२१ अ’चा हक्क मुलाला दिला आहे. पालक त्याचे विश्वस्त आहेत, मालक नाहीत.

आणखी एक हिशेब या गोड चित्रात बहुधा मांडला जात नाही. आईंनी परिचारिकेची नोकरी सोडली. त्यांची बहीण, तीच पदवी घेतलेली, ब्रिटनमध्ये नोकरी करते. घरी शिकवणारे बहुधा आईच असते, आणि तिच्या न मिळवलेल्या पगाराला आपण ‘शुल्क’ म्हणत नाही म्हणून हे शिक्षण स्वस्त दिसते. कब्बन पार्कातल्या झाडाखाली बसलेल्या दहा-बारा पालकांत मला दोनच बाप दिसले. त्यांतला एक फोनवर होता.

इंग्लंडमध्ये १९४४ च्या कायद्यापासून पालकाने मुलाला ‘शाळेत किंवा अन्य प्रकारे’ शिकवावे, असे दोन पर्याय आहेत, आणि तेवढ्यावर तिथली गृहशिक्षणाची परंपरा उभी आहे. पण २०२३ मध्ये दहा वर्षांच्या एका मुलीचा तिच्या घरच्यांनी छळ करून जीव घेतला. काही महिने आधी तिला ‘घरी शिकवतो’ म्हणून शाळेतून काढले होते आणि त्यानंतर तिच्या अंगावरचे वळ पाहणारे बाहेरचे कुणी उरले नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये शाळेत नसलेल्या मुलांची नोंद सक्तीची करणारे विधेयक तिथल्या संसदेत आले. जर्मनीने तर घरी शिकवण्यावर बंदीच ठेवली आहे, आणि युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००६ मध्ये ती उचलून धरली. भारताला जर्मनीच्या वाटेने जाण्याची गरज नाही. पण इंग्लंडला ऐंशी वर्षांनी सुचलेली गोष्ट आपण सुरुवातीलाच करू शकतो.

त्यासाठी २०१२ प्रमाणे एक पोटकलम पुरेल. घरी शिकवू इच्छिणाऱ्या पालकाने नोंदणी करावी. परवानगी नव्हे, नोंदणी. वर्षातून एकदा बाहेरच्या कुणा शिक्षकाने मुलाला भेटावे, त्याच्याशी एकट्याशी बोलावे, आणि दहा वर्षांचा झाल्यावर त्याला शाळेत जायचे आहे का, हे त्यालाच विचारावे. कायद्याच्या चौथ्या कलमानुसार असे मूल आजही वयाला साजेशा वर्गात केव्हाही दाखल होऊ शकते, हे पालकांना आणि मुख्याध्यापकांना लेखी कळवावे. बहुतेकांना ते ठाऊक नसते. नोंद झालेल्या मुलांना आंतरशालेय क्रीडास्पर्धांत आणि सरकारी शाळांच्या प्रयोगशाळांत प्रवेश मिळावा. आणि सरकारी तक्त्यांत त्यांचा रकाना वेगळा असावा, म्हणजे वीटभट्टीवरच्या मुलांची संख्या तरी स्वच्छ दिसेल. भेट घेणार कोण, हा प्रश्न उरतो. कर्नाटकातले समूह साधनव्यक्ती काय किंवा महाराष्ट्रातले केंद्रप्रमुख काय, त्यांच्यावर शाळांच्या माहितीचे अर्ज भरण्याचे इतके ओझे आहे की ते शाळांनाच धड भेटू शकत नाहीत. एनआयओएसची अभ्यास केंद्रे देशभर आहेत, त्यांचे शिक्षक या मुलांना पुढे भेटणारच असतात. ती भेट चौदाव्या वर्षाऐवजी सहाव्या वर्षापासून सुरू करण्यास केंद्राला नवी संस्था उभारावी लागणार नाही.